वाटीभर सांबार

गोकुळाबाईची आणि माझी ओळख झाली ती मेथीच्या जुडीनं. बडनेऱ्याच्या बाजारात ती भाजी विकायची. छत्रीच्या दांड्याला पिंजरा टांगलेला, त्यात दोन लव्हबर्ड. मी कौतुकानं बिस्किटाचा तुकडा आत सरकवला, तर हातावर फाडकन जुडी बसली. "काहून वं बाई, माह्या लेकराइले मारून राहिली काय?" चारचौघांत! मी कॉलेजात मराठी शिकवते, नुकतीच पुण्याहून आलेली. असा काही संताप आला की भाजी न घेताच तरातरा निघाले. दुसऱ्या दिवशी निमूट परत गेले, कारण तिच्यासारखा कोवळा पालक अख्ख्या बाजारात नव्हता.

बाई साठीची, आवाज फाटका, नाकावर कायम राग. पक्ष्यांना शेव, फरसाण, पाव चारणाऱ्यांशी तिचं हाडवैर होतं. एकानं फुशारकी मारली, "आमचा पक्षी तं गाड्यावरचा आलूपोंगा खाते!" तिनं त्याच्या पिशवीतली वांगी परत काढून घेतली. "कोंडून ठेवलं त्याले. त्याच्या मनानं त्याले काही खाता येते काय? तू देशीन तेच त्याच्या पोटात. मंग नीट दे ना!" तिच्या पक्ष्यांना सकाळी थोडं राळं, मग पालकाचं पान, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहिलं तरी आधी पिंजरा, मग तराजू.

एकटीच्या बिऱ्हाडाला सोबत म्हणून मीही एक लव्हबर्ड आणला होता. बंड्या. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, राळ्याचे दाणे टाका, बाकी काही लागत नाही. मेला खोटारडा! दोन महिन्यांत बंड्या मलूल झाला, पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसायला लागला. मला रात्रंदिवस तोच घोर. गोकुळाबाईला सांगितलं, तर माझीच खरडपट्टी निघाली.

"नुसत्या दान्यावर ठेवलं? तू रोज कोरडा भात खाऊन राय बरं!" मग जरा निवळून म्हणाली, "मूग दे, गाजर दे. आन् सकाळी वाटीत सांबार ठेवत जाय. ताजा पायजे, शिळा नाई. मंग पाह्य कसा टवटवीत होते."

मी घरी जाऊन सांबार केलं. तुरीची डाळ, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा. डाळही आली, भाज्याही आल्या, सगळं एका वाटीत. बाई अडाणी असून किती नेमकं सांगते, असं मला वाटलं. तीन दिवस रोज सकाळी ताजं करून, गार करून वाटी ठेवली.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "खाते का सांबार?"

"आवडीनं. चोच बुडवून बुडवून पितो. आज मात्र जरा गप्प आहे."

तिच्या हातातला तराजू थांबला. "पिते? काय पिते?"

मी सांगितलं. डाळ, कांदा, चिंच, मीठ. तिखट मात्र बेताचं.

"माय वं!" तिनं समोरची जुडी उचलून माझ्या अंगावर फेकली. "सांबार म्हंजे हे! हे! मराठी शिकवतं म्हने कालेजात!"

मलाही राग चढला. भर बाजारात मी ओरडले, "याला कोथिंबीर म्हणतात, मावशी! तसं म्हणायला काय झालं होतं?"

"मी काहून म्हनू? तू आली माह्या गावात. समजलं नाई तं इचाराचं!"

भांडता भांडताच ती उठली. दुकान शेजारणीच्या गळ्यात घातलं आणि माझ्याबरोबर निघाली. बाजारामागेच माझी खोली. बंड्या पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. तिनं त्याला पदरात घेतलं, बोटाच्या टोकानं पाण्याचे थेंब चोचीला लावत राहिली. दुपारी त्यानं मान टाकली.

मला वाटलं, आता फाडून खाईल. ती फक्त म्हणाली, "मी बोलली, तू ऐकलं. दोघीइनं मिळून मारलं त्याले."

पंधरा दिवस मी बाजाराकडे फिरकले नाही. स्वतःचीच चीड यायची. शब्द शिकवून पोट भरते मी! वर्गात मुलांना दर ओळीला 'म्हणजे काय?' विचारते, आणि या बाईला एकदाही विचारलं नाही.

शेवटी गेले. एक परगावचं जोडपं तिच्यासमोर उभं होतं, त्यांच्या पक्ष्याला काय द्यावं विचारत होतं. "मूग द्या, गाजर द्या, आन् थोडा सांबार…" ती अडखळली. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "कोथिंबीर. कोथिंबीर द्या," म्हणाली, आणि जुडी त्यांच्या हातात कोंबली. आयुष्यभर जो शब्द ओरडून विकला, तो तिनं गिळला. माझ्यामुळे! माझं डोकंच फिरलं.

"मावशी, सांबारच म्हणा!" मी ओरडले. "ज्याला समजणार नाही, तो विचारेल!"

"नाई इचारत वं कोनी," ती म्हणाली. "तुनं इचारलं होतं काय?"