पडलेली वजनं

काटेवाल्यांची गाडी पडली तेव्हा ती जवळजवळ उभीच होती. खिळ्यांच्या दुकानासमोर, नेहमीच्या जागी, त्यांनी वेग कमी केला, इंजिन बंद केलं आणि डावा पाय खाली टेकवला. टेकवला असं त्यांना वाटलं. पाऊल तळव्याच्या कडेवर पडलं होतं, आणि हे त्यांना कळलं ते गाडी डावीकडे झुकायला लागल्यावर. थांबता थांबता गाडी पडते ती फार सावकाश पडते. सगळं दिसत असतं, हँडल हातातच असतं, आणि तरी हातून काही होत नाही. आधी आरसा गेला, मग क्लचचा दांडा, मग डावीकडची पेटी रस्त्यावर आपटली. झाकण उघडलं आणि पाच किलो, दोन किलो, एक किलो अशी वजनं खडखडत गटाराच्या कडेपर्यंत गेली. काटेवाले गाडीशेजारी बसल्यासारखे पडले.

दुकानाच्या मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांना ते वहिनी म्हणत.

"काय भाऊजी, आज रस्त्याचंच वजन करायला काढलंत की काय?" आणि मग चेहरा बघून, "लागलं का हो?"

"छे. खडा आला पायाखाली."

वहिनींनी रस्त्याकडे पाहिलं. खडा कुठेच नव्हता.

पडलेली गाडी कशी उचलायची हे काटेवाल्यांनी किती जणांना शिकवलं असेल! वाकून ओढायची नाही, कंबर जाते. पाठ सीटला लावायची, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकायचं. आजही त्यांनी तसंच केलं. उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा उभा राहिला, डावा नुसता घसरत राहिला. दोनदा. तिसऱ्यांदा वहिनींनी पदर खोचला, दुसरीकडून हात लावला आणि गाडी उभी राहिली. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकून रस्त्यावर डाग पडला होता.

पस्तीस वर्षं हे गृहस्थ याच कामावर होते. दुकानादुकानातून जायचं, तराजू आणि काटे तपासायचे, बिघडले असतील तर जागेवर दुरुस्त करायचे. डाव्या पेटीत वजनं, उजव्या पेटीत अवजारं. दोन्ही पेट्या सारख्या भराव्या लागत. उजवी हलकी वाटली की ते तिच्यात एखादा जुना बोल्ट टाकत. बायको होती तेव्हा ती मागे एका बाजूला पाय सोडून बसायची आणि विचारायची, "काय हो, माझ्यासाठी किती बोल्ट टाकलेत पलीकडे?" तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

वजनं गोळा करून वहिनींनी ती पायरीवर मांडली. "चला, काटा बघून टाका आता. सकाळपासून नखरे करतोय."

"आज नाही बघता येणार वहिनी. वजनं पडलीत."

"अहो, पाच किलोचं लोखंड पडलं म्हणून चार किलोचं होतं का?"

"होत नसेल. पण मला ते कसं कळणार? हातात घेतलं तर तसंच लागतं, दिसतंही तसंच. आता ती वजनमापांच्या सरकारी कार्यालयात न्यायची, मोठ्या काट्यावर तपासून घ्यायची. तोवर त्यांच्यावरून कुणाचा काटा तपासायचा नाही."

"धन्य आहात," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनीच आतून एक गोणपाट आणून दिलं. त्यात वजनं वेगळी बांधून काटेवाले घरी निघाले. वाटेत कुठे थांबायची वेळ आली की ते आता उजवा पाय टेकवत होते.

घरी लेक आणि नात. जावई कामासाठी परगावी असायचे. लेक औषधांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होती, पहाटेच तिची बस यायची. म्हणून दुसरीतल्या नातीला सकाळी शाळेत सोडायचं काम आजोबांचं. त्यासाठी तेवढी डावी पेटी काढून ठेवायची, नात मागे बसायची, आजोबांच्या पोटाला गच्च मिठी मारायची. मोठ्या रस्त्यावर तीन सिग्नल लागत. तीनदा थांबायचं, तीनदा पाय टेकवायचा.

लेकीचा स्वभाव काळजीचा. पोर पाच मिनिटं उशिरा आली तरी तिचा जीव टांगणीला लागायचा. संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढता काढता तिची नजर गाडीवर गेलीच.

"बाबा, क्लच कशानं वाकला?"

"स्टँडवरून घसरली. उभी होती."

"तुम्ही नव्हता ना वर?"

"नाही गं."

"नक्की?"

"आता काय शपथपत्र लिहून देऊ? पोलिसात जायला हवं होतंस तू."

ती हसली नाही. कपड्यांचा ढीग पोटाशी धरून ती थोडा वेळ आरसा नसलेल्या दांड्याकडे बघत राहिली, मग आत गेली. काटेवाल्यांनी आयुष्यात खोटं वजन कधी दाखवलं नव्हतं. लेकीला एवढं सरळ खोटं सांगून मोकळे होऊ, असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पण गाडी गेली की काम गेलं, आणि मग सकाळी नातीला कोण सोडणार? लेकीला पाळी बदलून मिळत नव्हती. त्यांनी मनात हिशेब मांडला होता. थोडे दिवस उजवा पाय टेकवून भागेल.

तेवढ्यात नात फाटकाकडून उड्या मारत आली. तिच्या हातात एक चप्पल होती.

"आजोबा, ही घ्या. परत फाटकापाशी राहिली."

"परत म्हणजे?"

"डावीच राहते तुमची. मी रोज आणून दारात ठेवते. तुम्हाला कळतच नाही."

काटेवाल्यांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता, तळव्याला अंगणातली वाळू चिकटलेली होती, आणि अंगठ्याखाली चांगला बोटभर काप गेला होता. रक्त सुकूनही गेलं होतं. तो कधी लागला, कशानं लागला, त्यांना काही आठवेना. त्यांनी काप बोटानं दाबून पाहिला. दुसऱ्या कुणाचा पाय दाबावा तसं वाटलं.

सकाळी लेक निघून गेल्यावर त्यांनी गाडी पुसली. गोणपाटात बांधलेली वजनं कोपऱ्यात तशीच होती. नात दप्तर लावून, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवून तयार उभी राहिली. काटेवाले गाडीवर बसले. ती नेहमीसारखी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन मागे चढली, तिनं मिठी मारली. तिचा भार गाडीला कळला. तो तोलायला त्यांनी डावा पाय घट्ट रोवला, आणि तो जमिनीवर आहे की नाही हे बघायला त्यांना मान वाकवावी लागली.

होता. या वेळी होता.

त्यांनी किल्ली फिरवली नाही.

"उतर बाळा."

"का? गाडी बिघडली?"

"नाही. आज चालत जाऊ."

"उशीर होईल! बाई बाहेर उभं करतील."

"मी बोलतो बाईंशी."

अर्ध्या वाटेपर्यंत नातीनं दोनदा त्यांची चप्पल उचलून आणली. शाळेचं फाटक लागलं तेव्हा घंटा होऊन गेली होती. आजोबांनी बाईंची माफी मागितली, नात आत पळाली, आणि ते बाहेरच्या बाकावर बसले. मग त्यांनी लेकीला फोन लावला. कामाच्या वेळी ते कधीच फोन करत नसत, त्यामुळे तिनं घाबरूनच उचलला. मागे यंत्रं घरघरत होती.

"काय झालं बाबा? ती कुठे आहे?"

"वर्गात आहे. ठीक आहे. चालत आलो आम्ही."

"चालत? का?"

"काल मी तुला खोटं सांगितलं. गाडी स्टँडवर नव्हती. मी वर होतो. डावा पाय कळत नाही मला. किती दिवसांपासून ते नक्की सांगता यायचं नाही. पोरीला विचार, तिला माहीत असेल."



"तिला बसवलंत त्यावर?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आज बसवलं आणि उतरवलं. काल सकाळी नेलं होतं. परवाही."

तिनं श्वास घेतल्याचं त्यांना ऐकू आलं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिथेच बसा," ती म्हणाली. "मी सुट्टी टाकून निघते. डॉक्टरकडे जायचं आपल्याला. उठू नका, कुठे जाऊ नका."

"नाही जात."

फोन खिशात ठेवून त्यांनी पाय जवळ ओढले, आणि डावी चप्पल पायात आहे ना, ते वाकून हातानं चाचपून पाहिलं.