तांबं परत पाण्यात

ढवळत्या टाकीतून नमुन्यासाठी भरलेली पहिली काचनळी निळी होती. दुसरी फिकी. तिसरी जवळजवळ नितळ. आणि चौथी पुन्हा निळी.

"मॅडम, हे उलटं कामून होऊन राहिलंय?" शिवलिंगअप्पांनी विचारलं.

लातूरच्या एमआयडीसीत अप्पांचा छोटा कारखाना आहे. अर्थिंगसाठी जमिनीत पुरतात त्या लोखंडी सळयांवर तिथं तांब्याचा थर चढवतात. सळया धुतलेलं पाणी तांब्यानं निळं होतं. ते तसंच नाल्यात जात होतं, म्हणून प्रदूषण मंडळाची नोटीस आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी नमुना घ्यायला येणार होते. नमुना फेल गेला तर वीज तुटणार होती.

मी नांदेडच्या एका फर्ममध्ये केमिकल इंजिनिअर आहे. आमची पद्धत समजायला सोपी आहे. ॲसिडचे बारीक थेंब केरोसीनमध्ये घुसळायचे. दुधासारखं मिश्रण तयार होतं, ते इमल्शन. ते निळ्या पाण्यात सोडून ढवळायचं. केरोसीनमध्ये तांबं धरणारं एक रसायन असतं. ते पाण्यातलं तांबं उचलून आतल्या ॲसिडमध्ये नेऊन सोडतं. मध्ये केरोसीनचा पातळ पडदा असतो, त्यामुळे तांबं आत कोंडून राहतं. पडदा फाटला की सगळं बाहेर. चौथ्या नळीत तेच दिसत होतं.

"मग अजून जोरात फिरवू," म्हणत अप्पा मोटरच्या बटणाकडे निघाले.

"जोरानं आणि जास्त वेळ फिरवल्यानंच पडदा फाटतोय, अप्पा. थांबा."

"मग नमुन्यापुरतं पाणी घालून पातळ करू."

"तसं केलं तर मी रिपोर्टवर सही करणार नाही."

"आन् पाणी आणणार कुठून, शेठ?" ऑपरेटर सलीमभाई म्हणाले. "प्यायला टँकर येऊन राहिलाय."

अप्पा हसले नाहीत. "मॅडम, अहमदपूरकडची पोरं हायेत माझ्याकडं. घरं घेऊन इथं राहिलीत. वीज गेली तर त्यांना काय सांगू?"

मी नांदेडला आमच्या फर्मच्या सरांना फोन लावला.

"लॅबमध्ये तर उत्तम चाललं होतं," सर म्हणाले.

"सर, लॅबला एसी आहे. इथं पत्र्याखाली टाकीला हात लाववत नाही. तेल पातळ झालंय, पडदा टिकत नाही."

"सरफॅक्टंट वाढव."

सरफॅक्टंट म्हणजे साबणासारखं रसायन, थेंबांना धरून ठेवणारं. वाढवलं. चौथी नळी नितळ राहिली. अप्पांनी सगळ्यांसाठी थंड सोडा मागवला. पण काम तिथं संपत नाही. शेवटी तेच इमल्शन फोडून तांब्याचं ॲसिड वेगळं काढायचं असतं, म्हणजे ते परत कामाला येतं आणि तेलही पुन्हा वापरता येतं. आता ते फुटेना. संध्याकाळपर्यंत श्रीखंडासारखं घट्ट बसून होतं. असं दर वेळी तेल फेकायची वेळ आली असती, तर अप्पांनी आठवड्यात टाकी बंद केली असती.

मी सरफॅक्टंट पुन्हा कमी केलं. ढवळण्याचा वेग उतरवला. केरोसीनमध्ये थोडं जाड तेल मिसळलं. आणि ठरवलं, बॅच सकाळी गारव्यातच घ्यायची.

सकाळी अधिकारी आले तेव्हा टाकी चालूच होती. मी त्यांना बसायला सांगितलं. अप्पा बटणाशी उभे. तिसरी नळी नितळ आली.

"बंद करा."

"अजून थोडं फिरवू? थोडं निळं दिसून राहिलंय मला."

"अप्पा, बंद!"

त्यांनी बटण दाबलं. दुधाळ थर वर येऊ दिला, मग खालच्या पाण्याचा नमुना दिला. इमल्शनही नीट फुटलं. तांब्याचं ॲसिड परत सळयांच्या टाकीत गेलं.

रिपोर्ट पास आला. वीज राहिली. पण उन्हाळ्यात दुपारी धुण्याचं काम बंद ठेवा, असं मी लिहून दिलं. अप्पा त्यावरून महिनाभर कुरकुरले, आणि शेवटी त्यांनी पाळी पहाटेची केली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ असते: मोटर वेळेवर बंद करणारा माणूस नेमावा. ती ओळ कुणी वाचत नाही. नितळ झालेली नळी पहिल्यांदा पुन्हा निळी आली की मात्र सगळे फोन करतात.