न खेळणारा कॅप्टन

ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो टीव्ही मेकॅनिक एकदाच आलेला, अँटेना दुरुस्त करायला. त्या रविवारी टेनिसच्या डेव्हिस कपमध्ये भारताची लढत दोन-दोन अशी बरोबरीत होती, शेवटची मॅच सुरू झालेली आणि आमच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या!

गच्चीवर अँटेनाचा क्लॅम्प तुटलेला निघाला. त्याने पाइप दोन्ही हातांनी धरला की खाली चित्र यायचं, सोडला की पुन्हा मुंग्या. नवा क्लॅम्प आणायचा तर तासभर गेला असता.

"राहू दे. मॅच संपेपर्यंत मी धरतो," तो म्हणाला.

भर उन्हात दोन तास तो खांबासारखा उभा. नाक खाजवायचं झालं तरी आधी ओरडायचा, "पॉइंट संपला काय रे?" मी गॅलरीतून ओरडून स्कोअर सांगायचो.

आपण जिंकलो. अख्खा मजला चहा घेऊन गच्चीवर धावला. मी म्हटलं, "काका, जिंकलो!"

पाइप अजून त्याच्या हातातच होता. "ते सोड. चित्र कसं येत होतं?"

"एकदम क्लिअर!"

"मग हरतील कसे?"

डेव्हिस कपमध्ये प्रत्येक संघाला एक न खेळणारा कॅप्टन असतो, हे मला नंतर कळलं. त्याला बसायला खुर्ची देतात म्हणे.