पीटीओच्या लिव्हरला बांधलेली लोकर

सासऱ्यांना मी मामा म्हणते. गेल्या वर्षी आमची शेवटची बैलजोडी विकली, तेव्हापासून मामा आणि आमचा मिनी ट्रॅक्टर यांचं बोलणं बंद होतं. म्हणजे ट्रॅक्टरची काही तक्रार नव्हती, मामाच तोंड फिरवून जायचे. नवरा जालना शहरात नोकरीला, त्यामुळे मोसंबीच्या बागेत ट्रॅक्टर मीच चालवते. मामा बांधावरून बघायचे आणि म्हणायचे, "लोखंडाला काय कळतंय!"

यंदाच्या पोळ्याला आमचा ट्रॅक्टर धुऊन-पुसून दारात उभा केला, आणि मामा आपणहून पेटीतले बैलांचे गोंडे घेऊन बाहेर आले. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. त्यांनी स्टिअरिंगला, आरशांना, दिव्यांना गोंडे बांधले. सीटशेजारच्या लिव्हरांना रंगीत लोकर गुंडाळली, तीही अशी घट्ट की जणू रात्रीतून कोणी चोरून नेणार होतं. पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवून ते जरा वेळ तिथंच उभे राहिले. मी मनात म्हटलं, चला, सोयरीक जमली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. त्या दिवशी आमच्याकडे कोणी बैल जुंपत नाही. पण पावसानं उघडीप दिली होती आणि झाडाखाली रोज फळांचा सडा पडत होता, फवारणी टाळण्यासारखी नव्हती. ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत औषध कालवलं आणि पीटीओ टाकला. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, त्याच्यावर ब्लोअरचा पंखा चालतो. पहिली ओळ अर्धी होते न होते तोच खट्‌ आवाज आला. पीटीओची लिव्हर आपली आपण सुटली होती आणि पंखा बंद. क्लच दाबून पुन्हा टाकली. चार झाडं गेली की पुन्हा खट्‌.

मामा बांधावरून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "काल मी हात लावला अन् आज बिघडला," ते म्हणाले. "माझ्या हाताला न्हाई मानवत हे यंत्र. तुमचं तुम्ही बघा."

औषध पुन्हा आणता आलं असतं. पण हा हट्टी माणूस आज माघारी फिरला असता, तर ट्रॅक्टरकडे परत फिरकला नसता. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

टेंभुर्णीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, आज कर हाय, मी पाव्हण्याकडं आलोय. उद्या येतो. आतला गिअर सरकवायचा फोर्क घासला असंल, मंग सगळा डबा खोलावा लागंल." डबा म्हणजे गिअरबॉक्स. तो खोलायचा म्हणजे ट्रॅक्टर आडवाच की! मी फोन ठेवला आणि पदर खोचला.

ट्रॅक्टर बंद करून ब्लोअरचा शाफ्ट सोडवला. पंखा हातानं फिरवून पाहिला, तर लोण्यासारखा फिरला. मग ब्लोअर न जोडता नुसताच पीटीओ चालवला. रेस वाढवली, आणि खट्‌! म्हणजे ब्लोअर बिचारा निर्दोष होता.

एवढ्यात मामा जवळ आले. "मी लिव्हर दाबून धरतो, तू बराबर हाक."

"धोतर नेसून त्या शाफ्टजवळ बसणार? बिलकुल नाही!" मी सासऱ्यांवर इतक्या मोठ्यानं ओरडले, की शेजारच्या बागेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

पण त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. दाबून धरायची गरज पडते, म्हणजे गिअर पुरता बसतच नसेल तर? ट्रॅक्टर बंद करून लिव्हर सावकाश ढकलली आणि वाकून पाहिलं. लिव्हर ज्या खाचेतून सरकते, तिच्या काठाला लोकरीचा गठ्ठा टेकत होता. लिव्हर शेवटापर्यंत जातच नव्हती. अर्धा अडकलेला गिअर जरा जोर आला की निसटत होता.

आता हे सांगायचं कसं? मामा म्हणत होते तेच खरं निघालं होतं, बिघाड त्यांच्याच हातचा होता. मी साळसूदपणे म्हटलं, "मामा, औषधानं लोकरीचा रंग जाईल हो. एवढी काढून ठेवू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून खाचेकडे पाहिलं. लिव्हर एकदा हलवली, परत हलवली.

"कशाला खोटं बोलून राह्यली बाई," ते म्हणाले. "बैलाच्या पायाला दावं बांधून वरून हाकून राह्यलो आपण!"

आणि हसले. मला आधी धीर झाला नाही, मग मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी स्वतःच गाठ सोडली. ब्लोअर जोडून मी ट्रॅक्टर चालू केला. मामांना म्हटलं, शाफ्टपासून लांब, पुढच्या बाजूनं या. मी क्लच दाबून धरला. "टाका आता. तुम्हीच."

मामांनी हात लांब करून लिव्हर ढकलली. ती शेवटापर्यंत गेली. मी क्लच सोडला, पंखा घुमला आणि पांढरं धुकं मोसंबीच्या पानांवर चढलं. लिव्हर जागची हलली नाही. मी ओळीत जायला निघाले, तर मामांनी हात वर करून मला थांबवलं.

"बंद कर," ते म्हणाले. "परत एकदा टाकू दे मला."