गाठ उचलायची परीक्षा
सरकीच्या ढेपेचा वास आला की मला धुळ्याच्या जिनिंगमधली ती सकाळ आठवते आणि हसू येतं. आमच्या यांनी वीस वर्षं हमाली केली, कंबर गेली, म्हणून फोर्कलिफ्ट शिकून लायसन काढलं. जळगावच्या पाइप कारखान्यात म्हणाले, अनुभव आणा. नरडाण्याच्या कारखान्यात जागा भरलेली. राहिली ही जिनिंग. मी तिथे कापूस निवडायला होते, म्हणून मीच शेठकडे शब्द टाकला. इथेही नाही म्हटलं असतं तर पुन्हा पाठीवर ओझं आलं असतं. शेठने कापसाची दाबून बांधलेली गाठ फोर्कलिफ्टने ट्रकवर चढवून दाखवायला सांगितली. सगळे हमाल बघायला उभे राहिले. यांनी गाठ अलगद उचलली, पण ट्रकजवळ ती जराशी कलली. तशी यांनी गाडीवरून उडी मारली, फडकं डोक्याला गुंडाळलं आणि गाठीला पाठ लावून उभे राहिले! हमाल खो खो हसले. मी ओरडले, "अहो, वर बठा! लायसन यंत्रनं शे, पाठनं नही!" हे लाजून वर चढले आणि गाठ नीट ट्रकवर ठेवली. शेठ हसू आवरत म्हणाला, "उद्यापासून या, भाऊ. माल पडू न देणारा माणूसच मला पाहिजे. फक्त खाली उतरू नका." संध्याकाळी हसणाऱ्यांपैकीच दोन हमाल घरी आले, लायसन कुठे काढतात ते विचारायला. मी त्यांना आधी चार शब्द सुनावले, मग चहा दिला. आता म्हातारी झाले, पण तोंड तसंच आहे.