मगपुढं साहेबांनी मागितलेली भिंत

तुम्ही जिथं राबता, तिथल्या एखाद्या वस्तूला तिथं राबणाऱ्या माणसाचं नाव आहे का? मालकाचं चालणार नाही, मालकाच्या वडलांचं नाही, देवाचंही नाही. हमालाचं, चाळणीवाल्याचं, वाळवणातल्या बाईचं. नीट आठवून बघा. लातूरच्या एका डाळ गिरणीत मी अशी नावं पाहिली आहेत, आणि ती ठेवणारा माणूसही.

गिरणीत सगळे त्यांना ‘मगपुढं साहेब’ म्हणत. ते व्यवस्थापक, मूळचे जळकोटकडचे. कुणी काही सुचवलं तर ते ‘वा’ म्हणत नसत आणि ‘छे’ही म्हणत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचा, जवळच्या पोत्यावर बसकण मारायची आणि विचारायचं, “मग पुढं?”

“साहेब, चाळणीचा पट्टा सारखा निसटायलाय,” चाळणीवरचे गफूरभाई एकदा म्हणाले. “खालून लाकडाची पाचर मारली तर?”

“मग पुढं?”

“मग… पाचर ढिली झाली का ते बघावं लागंल.”

“कोण बघंल?”

“मीच बघतो की!”

“झालं तर. आज एकाच चाळणीला मारा.”

ती पाचर चालली आणि ‘गफूरची पाचर’ म्हणून सगळ्या चाळण्यांना लागली. गफूरभाई तिच्याकडे लेकीकडे बघावं तसे बघायचे.

मी तिथं डाळीचे नमुने तपासायला होते. वडील कामगार चळवळीची पत्रकं वाटत, आणि मी त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवली. व्यवस्थापक म्हणजे मालकाचा कान, हे मला लहानपणापासून पाठ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना तोंडावर म्हणाले, “साहेब, तुम्ही लोकांचे हात तर वापरताच, आता डोकंही फुकट वापरायला लागलात.” ते रागावले नाहीत. “मग पुढं?” म्हणाले. “पुढं नाव मालकाचंच होणार,” मी म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, “युक्ती चालली तर बक्षीस पगारात आणि नाव त्याच्या युक्तीवर. ह्यात मी कमी पडलो तर पत्रक काढ. छापायचं मी बघतो.”

साहेबांचं हे पोत्यावर बसणं सुरू होण्याआधी मालकांनी सूचनापेटी आणली होती. लाल रंगाची, वर फट, खाली कुलूप. शिपायानं ती नेमकी देवाच्या फोटोखाली ठोकली. लोक येता-जाता पेटीला हात लावून नमस्कार करू लागले. उघडली तर आत नाणी, तांदूळ, आणि एक चिठ्ठी: ‘देवा, औंदा पोरीचं जमू दे.’ मालक हसून बेजार झाले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “देवापाशी माणूस मोकळं बोलतो, कारण देव पगार कापत न्हाई. पेटी काढा. मी बसतो.” तेव्हापासून दर शनिवारी, चहाच्या सुट्टीत, ते एकेका विभागात पोत्यावर जाऊन बसू लागले. आणि हो, त्या चिठ्ठीवाल्याला शोधून त्यांनी पोरीसाठी देवणी गावचं एक स्थळही सुचवलं.

‘होकार कुणीबी कळवा, नकार द्यायला मी जाणार,’ हा त्यांचा दुसरा हट्ट. एका हमालानं सुचवलं, पोती वर चढवायला छताला कप्पी लावा. छताच्या कैच्या, म्हणजे पत्रे तोलणारे लोखंडी सांगाडे, तो भार पेलणार नव्हत्या. साहेब हमालांच्या शेडमध्ये गेले, त्याला शिडीवर चढवलं, गंजलेली कैची दाखवली. तो थोडे दिवस रुसला आणि मग दुसरी युक्ती घेऊन आला. नकार ऐकूनही माणूस पुन्हा बोलायला येतो, हे मी तिथंच पाहिलं.

महानंदाबाई मात्र बोलतच नव्हत्या. त्या वाळवणात होत्या. तेल-पाणी लावलेली तूर ओट्यावर उन्हात पसरायची, ती नीट वाळली नाही तर भरडताना डाळीचा तुकडा फार पडतो. त्यांच्या डोक्यात काहीतरी होतं, पण वाळवणाचे मुकादम आप्पा म्हणजे त्यांचे चुलत सासरे. ते समोर असले की यांचा पदर खाली आणि तोंड भिंतीकडे. साहेबांनी ओळखलं. “बाई, तोंडानं सांगू नका. करून दावा. एक पोतं घ्या.”

महानंदाबाईंनी एका पोत्याची तूर सपाट न पसरता शेतातल्यासारख्या सऱ्या काढून लावली, दोन्ही अंगांना ऊन लागावं म्हणून. आप्पा लांबून ओरडले, “तूर वाळवायलीस का कांदे लावायलीस?” सगळा ओटा हसला. वरून तूर वाळली, तळाशी दमट राहिली. तुकडा पडलाच. बाई रडवेल्या झाल्या. साहेब पोत्यावर बसले. “मग पुढं?” पदराआडून आवाज आला, “दुपारी सरी मोडून जागा बदलावी लागंल.” तसं केलं, आणि तुकडा कमी झाला. साहेबांनी ओट्याच्या भिंतीवर तेलरंगात लिहून घेतलं: ‘महानंदा वाळवण’.

मग मालकांचा लेक, धाकटे मालक, पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले. गिरणी बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी नावावर चुना फासला आणि चकचकीत फलक लावला: ‘आमच्या कंपनीची वाळवण प्रणाली’. मी नमुने घेऊन केबिनबाहेर उभी होते. आतून साहेबांचा आवाज आला, “भिंत तुमची, तूर तुमची, गिरणी तुमची. युक्ती तेवढी तिची हाय, दादा.” धाकटे मालक म्हणाले, “पाहुण्यांना बाईचं नाव सांगून काय करायचं?”

दुसऱ्या दिवशी महानंदाबाईंनी तूर सपाट पसरली. साहेबांनी विचारलं, तर ओट्याकडे बघत म्हणाल्या, “कंपनीची हाय ना, कंपनी लावंल.” शनिवारी साहेब पोत्यावर बसले. गफूरभाईंसकट सगळे म्हणाले, “सगळं ठीक हाय, साहेब.” एवढी वर्षं जमवलेली बोलकी गिरणी एका चुन्याच्या हातानं मुकी झाली होती. आणि साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती.

मी पत्रक लिहून नेलं. त्यांनी पूर्ण वाचलं. “झकास हाय. पण आधी मला मागून बघू दे.”

निरोपाच्या कार्यक्रमात शाल झाली, नारळ झाला. धाकट्या मालकांनी मोठं घड्याळ पुढं केलं. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं. “घड्याळ घरी हाय. मला भिंत द्या.”

“कुठली भिंत?” थोरल्या मालकांनी विचारलं.

“वाळवणाची भिंत. पुसलेलं नाव परत लिहायचं, तेवढीच. उद्या माझ्या जागी जो बसंल, त्याच्याशी ही माणसं बोलावीत म्हणून.”

थोरल्या मालकांनी लेकाकडे पाहिलं. लेक बुटाकडे बघत होता. तेवढ्यात मागून आप्पा मुकादम उठले. सुनेला आजवर ‘ए बाई’खेरीज हाक न मारलेले. “मालक, रंग माझ्यापाशी हाय. व्हय म्हणा, आत्ता लिहितो. आमच्या महानंदाचं नाव हाय ते.”

थोरले मालक म्हणाले, “लिहा.”

सगळी गिरणी ओट्यावर आली. आप्पांनी ब्रश टेकवला आणि पदराआडून, सासऱ्यासमोर पहिल्यांदाच, महानंदाबाई बोलल्या, “मामंजी, ‘म’ जरा मोठा काढा.”

एवढा मोठा ‘म’ मी अजून कुठल्या पत्रकावरही पाहिलेला नाही.

साहेब आता नांदेडला लेकीकडे असतात. त्यांच्या निरोपानंतरच्या शनिवारी पोत्यावर कोण बसलं, माहीत आहे? गफूरभाई. नव्या व्यवस्थापकाला शेजारी बसवून. परवा हे सगळं लिहून झाल्यावर मी साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग पुढं?”

पुढचं तुमच्याकडे मागते. उद्या कामावर गेलात की आजवर ज्याला कुणी काही विचारलं नाही, अशा एकाशेजारी बसा. त्याला विचारा, इथं तू काय बदलशील? त्याचं शेवटपर्यंत ऐका, छोटं करून बघा, आणि ते चाललं तर त्याचं नाव भिंतीवर लिहा. पहिलं अक्षर जरा मोठं काढा.