थांबत न्हाईत सर

आष्ट्यातून सांगलीकडं निघालं की गाव संपतं तिथं बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. त्याच्या गेटवर निळ्या शर्टात खुर्चीवर ताठ बसलेला वॉचमन दिसतो, तो तानाजी. मोटारसायकलवरून जाणारी पोरं कधीमधी वेग कमी करतात आणि ओरडतात, "आमच्यात?" उत्तर येत नाही. मग पोरं हसत निघून जातात. त्यातल्या निम्म्यांना आपण काय विचारतोय हेसुद्धा धड ठाऊक नसतं. माणसाला विसरलं तरी त्याचं वाक्य गाव विसरत नाही, आणि माझं विचाराल तर गावाचा हा सगळ्यात वाईट गुण आहे.

मी पोस्टात होतो. रिटायर झाल्यावर डॉक्टरनं पहाटे फिरायला लावलं आणि तिथं रस्त्यावर तानाजीची ओळख झाली. तो जतकडचा, धनगराचा. त्याचा बाप धुळा जन्मभर मेंढरांमागं हिंडला. दिवाळीच्या आसपास कळप घेऊन इकडं कृष्णाकाठाला यायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जायचं. तानाजीचं बालपण या चालण्यात गेलं. शाळा कशीबशी झाली, पण पाय तयार झाले आणि त्या पायांवर तो फौजेत गेला. नाईक होऊन परत आला तेव्हा जतच्या घरी प्यायला टँकरचं पाणी होतं. बायको म्हणाली, आता पाण्याकाठी राहू. म्हणून ते आष्ट्याला आले.

इथं त्यानं माझ्या भावकीतलं एक पडीक रान खंडानं घेतलं आणि भरतीची अकॅडमी काढली. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो, नसला तर पोलिसात जायची तयारी करत असतो, त्यामुळं अशा अकॅडम्या गल्लोगल्ली आहेत. पत्र्याची शेड, एक मैदान, लोंबकळायला एक लोखंडी बार आणि फौजेतून आलेला एक सर. तानाजीकडंही यातलं सगळं होतं. वेगळी एवढी एकच गोष्ट होती, की बाकीचे सर मोटारसायकलवर बसून पोरांच्या पुढं असायचे आणि हा पायी, सगळ्यात मागं, शेवटच्या पोराच्याही मागं पळत असायचा.

एकदा पहाटे मला तो समोरून येताना दिसला. पायात गोळा आलेलं एक पोरगं त्यानं खांद्यावर घेतलं होतं आणि तसाच तो पळत होता. चहाच्या गाड्यावर मी त्याला विचारलं, "काय रं, पोरं पळवायला ठेवलीत का उचलून आणायला?"

तो हसला. "आण्णा, आमी ल्हान असताना मेंढरामागं चालून चालून माजं पाय सुजायचं. मी रडायचो, थांबा म्हनायचो. बा म्हनायचा, आमच्यात थांबत न्हाईत, दमलेल्याला खांद्यावर घेत्यात. आन घ्यायचा. येका खांद्यावर मी, दुसऱ्या खांद्यावर कोकरू."

"बाप शहाणा होता."

"बाचं न्हवं ते. आमच्यात समदीच म्हनत्यात तसं."

मला ते बोलणं फार आवडलं. त्यात कळप थांबत नाही हेही होतं आणि मागं कोणी राहत नाही हेही होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मग मला जिन्यावरून खांद्यावर घेऊन जा.

अकॅडमी मात्र चालेना. पोरं फ्लेक्स बघून जातात. स्टँडच्या कोपऱ्यावर प्रत्येक अकॅडमीचा फ्लेक्स, त्यावर गॉगल घातलेला सर आणि खाली त्याचं घोषवाक्य. तानाजीचा बोर्ड पत्र्याचा, त्यावर नुसतं नाव आणि फोन नंबर. मागं पळणाऱ्या माणसाची जाहिरात कशी करणार? पोरं येत, महिनाभर राहत आणि गॉगलवाल्याकडं जात. त्याच्या बायकोनं शिवणयंत्र घेतलं, त्यावरून मी काय ते समजलो.

मग कुणीतरी त्याला सांगितलं, की सांगलीत विश्रामबागेत एक शिबिर आहे, पर्सनल ब्रँडिंगचं. मला त्याच दिवशी सांगलीत दात दाखवायचा होता, म्हणून मी बरोबर गेलो. एका हॉलमध्ये गार एसी लावून शिकवत होता ऋषिराज नावाचा तरणाबांड पोरगा. दाढी कोरलेली, हातात माइक. "तुमचं पॅशन काय, तुमची एनर्जी काय, हे एका वाक्यात आलं पाहिजे," तो म्हणाला. "लोक तुमचं नाव विसरले तरी चालेल. वाक्य विसरले तर तुम्ही संपलात." माझा दात ठणकत होता, त्यात हे.

सगळ्यांना एकेक वाक्य शोधायला लावलं. केक करणाऱ्या अपेक्षा नावाच्या बाईंनी 'गोडव्याशी तडजोड नाही' असं काढलं, टाळ्या पडल्या. तानाजी घामाघूम झाला होता. फौजेत असताना गोळीबाराला भ्याला नसेल एवढा तो त्या माइकला भ्याला. शेवटी उभा राहून त्यानं बापाचं वाक्य सांगितलं, सगळंच्या सगळं.

ऋषिराजचे डोळे चमकले. "सर, हे सोनं आहे. आमच्यात थांबत न्हाईत. बस्स. इथंच कट."

"पर आर्दंच झालं की," तानाजी म्हणाला.

"सर, टी-शर्टवर एवढंच बसतं. आणि खांद्यावर वगैरे जरा इमोशनल होतं. पोरांना जोश पाहिजे. ओरडून बघा." आणि त्यानं हॉलला विचारलं, "आमच्यात?" सगळा हॉल ओरडला, "थांबत न्हाईत!" केकवाल्या बाईसुद्धा ओरडल्या.

एस.टी.त मी त्याला झापलं. म्हटलं, "बापाचं बोलनं मोडून इकाय लागलास व्हय रं?"

त्यानं तिकिटाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "आण्णा, मेंढरामागं व्हतो तवा धुळाचं पोर व्हतो. फौजेत गेलो तर नंबर झालो. येक वाक्य तरी माज्या नावाचं असू द्या की." त्याचं त्यात काही चुकलंही नव्हतं.

वाक्य चाललं. लाल टी-शर्ट आले, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत वाक्य. ऋषिराजनं मोबाइलवर टाकायच्या छोट्या फिती करून दिल्या आणि त्या पार कऱ्हाड-साताऱ्यापर्यंत पोचल्या. पोरं इतकी आली, की शेड वाढवावी लागली. पहाटे रस्त्यानं लाल रांग पळायची. पुढचा ओरडायचा "आमच्यात?" आणि मागचे सगळे "थांबत न्हाईत!" माझ्यासारख्या म्हाताऱ्याचंही पाऊल त्यात दोन घटका जोरात पडायचं. गावात त्याला कोणी तानाजी म्हणेना, थांबत न्हाईत सर म्हणू लागले. त्याला ते गोड वाटायचं. माणूस चांगला होता, पण कौतुक कुणाला कडू लागतं?

फक्त आता तो मागं पळत नव्हता. एवढ्या पोरांत शेवटचा कोण, हेच कळायचं नाही. शिवाय फिती काढायच्या असत. तो मोटारसायकलवर पुढं आणि मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसलेला एकजण शूटिंग करत असायचा. मी एकदा म्हटलं, "मागं कोन असतंय आता?" तो म्हणाला, "मागं कुनी ऱ्हातच न्हाई आण्णा, वाक्यच तसं हाय."

जतकडची धोंडुबाई आपल्या मुलाला घेऊन आली ती त्याच सुमारास. मुलगा मायाप्पा, काटक, लाजाळू, उंचीपेक्षा हात लांब. नवरा मेंढरांमागं होता, म्हणून ती एकटीच आली होती. डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी. इतक्या अकॅडम्या सोडून इथंच का, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, "सर आमच्यातला हाय न्हवं. आमच्यातल्या मानसाजवळ पोर ठेवलं की मला झोप लागती." तानाजीनं तिला आक्का म्हटलं आणि पोराची ट्रंक स्वतः उचलून शेडमध्ये नेली.

त्या थंडीत मायाप्पाला ताप येत होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पाठीवर असं वाक्य घालून फिरणारा पोरगा मला ताप आलाय म्हणून कसा सांगेल? पहाटे सगळ्यांबरोबर तो पळायला गेला. कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, दोन्ही बाजूंना उंच ऊस. पुलाअलीकडं तो रांगेतून बाजूला झाला आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा राहिला. रांग त्याच्या बाजूनं पुढं गेली. पूल गाठून परत आली, तेव्हा तो उसाच्या कडेला आडवा होता, पण अंधार होता आणि सगळ्यांच्या नजरा पुढं होत्या.

त्या रांगेतला एक पोरगा नंतर माझ्या ओट्यावर येऊन रडला. म्हणाला, "जाताना मी बघितला वो त्येला. दमला आसंल वाटलं. थांबावं असं मनात आलं, आण्णा. तेवढ्यात फुडनं आरडले, आमच्यात? आन मी पन आरडलो." मी त्याला पाणी दिलं.

मैदानात मोजणी झाली तेव्हा एक पोर कमी भरलं. तानाजीनं मोटारसायकल उलटी घातली. मला तो दिसला तो परतीच्या वाटेवर, मायाप्पाला खांद्यावर टाकून पळताना. गाडी मध्येच बंद पडली होती, ती त्यानं रस्त्यात तशीच सोडली होती. लांब हात त्याच्या पाठीवर लोंबत होते. मागनं आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना वर घेतलं. दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं आणि हात धुतले. म्हणाला, "थोडं आधी आणायला हवं होतं." तानाजी तिथंच फरशीवर बसला.

कुणी त्याला बोल लावला नाही. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. गाव म्हणालं, पोराच्या छातीतच दोष असणार. पोरांच्या बापांनी अकॅडमी सोडू नका म्हणून त्याची समजूत काढली. मला वाटतं, कुणीतरी त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरं जतकडं मातीला जाऊन आली आणि त्यांनी धोंडुबाईला सगळं खरं सांगितलं. तानाजी पण गेला होता, पण लांब बाभळीखाली उभा राहून परत आला.

काही दिवसांनी धोंडुबाई मुलाचं सामान न्यायला आली. तानाजी सकाळीच माझ्याकडं आला. "आण्णा, चला संगट. येकट्याला जमायचं न्हाई." तो दाढीसुद्धा न करता दारात उभा होता, म्हणून मी चप्पल घातली.

शेडमध्ये ती फार वेळ थांबली नाही. ट्रंक तिथल्या पोरांना देऊन टाकली, वळकटी घेतली. लाल टी-शर्ट तिनं घडी करून त्या ट्रंकेतच ठेवला. आम्ही तिला जतच्या गाडीला बसवायला स्टँडवर आणलं आणि तिथं कोपऱ्यावर मला तो फ्लेक्स दिसला. पोरांनी आदल्या संध्याकाळी वर्गणी काढून लावला होता. मायाप्पाचा मोठा फोटो, बाजूला दोन समया. आणि खाली लाल पट्टी. फ्लेक्सच्या दुकानात अकॅडमीची ती वाक्याची पट्टी कायमची करून ठेवलेली. वाढदिवस असो, निकाल असो, अकॅडमीचा फ्लेक्स म्हटला की ती खाली लागायचीच. या वेळीही लागली. मेलेल्या पोराच्या फोटोखाली ती नको, एवढं ना दुकानदाराला सुचलं, ना पोरांना.

मी तिला दुसऱ्या बाजूनं वळवायला बघितलं, पण तिनं पोराचा तोंडवळा ओळखला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. पदरानं डोळे पुसले. मग तानाजीला म्हणाली, "दादा, माजी शाळा कानडी. ह्ये मला येत न्हाई. काय लिवलंय वाच की."

तानाजीनं वाचलं. मायाप्पाचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली वाचलं आणि गाडी आली का बघू लागला.

"आन ती तांबडी पट्टी?"

मी म्हणालो, "ते अकॅडमीचं हाय, जाऊ दे." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. एवढ्या पोरांकडून जे वाक्य त्यानं ओरडून घेतलं होतं, ते त्यानं मला जेमतेम ऐकू येईल असं वाचलं.

"आमच्यात थांबत न्हाईत."

ती त्या पट्टीकडं बघत राहिली. तिच्या सासऱ्याकडून, बापाकडून, नवऱ्याकडून, मेंढरांमागं चालताना जन्मभर ऐकलेलं बोलणं ते. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं बोट फिरवलं, काही राहिलंय का बघत असल्यासारखं.

"फुडचं कुटं हाय?" तिनं विचारलं.

तानाजी म्हणाला, "जागा न्हवती, आक्का."

गाडी लागली. त्यानं वळकटी घ्यायला हात पुढं केला. तिनं ती दिली नाही, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गाडीत चढली.